कोरी खरेदी

हर्षदाबाई खटावकरांच्या गोतावळ्यात त्रेसष्ट माणसं होती आणि प्रत्येकाच्या नावावर एकेक कोड होता. धाकट्या नणंदेचा वेगळा, नणंदेच्या सुनेचा वेगळा. विहीणबाईंचे तर दोन होते, कारण त्या फोनवर नाक मुरडायच्या आणि टॅबवरून गुपचूप तीच वस्तू मागवायच्या, असा हर्षदाबाईंचा अनुभव होता.

धंदा तसा सरळ होता. एखादी वस्तू घ्यायची, पंधरा दिवस घरात वापरायची, खरंच बरी निघाली तर तिच्याविषयी चार शब्द बोलून 'मांडव' या बाजाराच्या ॲपवरची लिंक पाठवायची. त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की कमिशन मिळायचं. लिंकच्या शेपटाला जोडलेला कोड सांगायचा की गिऱ्हाईक कुठून आलं. या धंद्यातली बाकीची माणसं तीन-चार कोडांत भागवायची. एक व्हिडिओचा, एक ग्रुपचा, एक सोसायटीच्या फलकावरचा. पण हर्षदाबाईंनी कराडच्या एका पतसंस्थेत सव्वीस वर्षं काउंटरवर काढली होती. 'इतर' नावाचा रकाना त्यांना डोळ्यांसमोर नको असायचा. इतर म्हणजे कोण, त्याला नाव नाही का? म्हणून माणशी एक कोड, माणशी एक पान, आणि पान उघडलं की हर्षदाबाईंच्या आवाजात त्या माणसाला नाव घेऊन हाक. हाकेनं खरेदी वाढते हे त्यांनी दोन महिन्यांत ताडलं होतं.

हाका ॲपच तयार करून द्यायचं. आवाजाचा नमुना एकदा दिला की पुरे. पुढे ते यंत्र हर्षदाबाईंच्या गळ्यानं कुणाला वहिनी म्हणायचं, कुणाला काका. बासष्ट हाका अशा होत्या. एकच खरी होती, आक्काची.

निर्मलाआक्का त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, गडहिंग्लजला दोन खोल्यांत एकटी राहायची. आई गेली तेव्हा हर्षदा सात वर्षांची होती. तिची वेणी घालण्यापासून कॉलेजची फी भरण्यापर्यंत सगळं आक्कानं शिलाई मशीनवर बसून निभावलं. ॲपनं केलेली हाक ऐकून आक्का म्हणाली होती, "ही तू नव्हेस. तू बोलताना मध्ये श्वास घेतेस. ही बया घेतच नाही."

मग हर्षदाबाईंनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या फोन तोंडाशी धरून अकरा सेकंद बोलून टाकलं. "आक्का, बसलीस का?" इथे कुकरची शिट्टी झाली म्हणून त्या थांबल्या, आणि मग, "चष्मा लाव आधी. बघ, आज काय आणलंय तुझ्यासाठी." शिट्टीसकट तेच चढवलं. परत कोण बोलत बसणार?

आणि आक्का खरेदी करायची. त्रेसष्टांत तिचा पहिला नंबर. बिडाचा तवा, गुडघ्याचा पट्टा, मनगटी घड्याळ, पायपुसणी, भाजी चिरायची पेटी. पूर्वी दोघी बहिणी दर रविवारी फोनवर बोलायच्या. आता रोज हाक जातेच आहे की, असं म्हणत हर्षदाबाईंचा रविवार आधी पंधरवड्यावर गेला, मग महिन्यावर. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. उलट एका गोष्टीचं मनोमन अप्रूप होतं. जन्मभर जिनं आपल्याला सांगितलं, हे नेस, तो विषय घे, या मुलाला हो म्हण, ती आता आपला शब्द मानते. कमिशन ठीकच, पण आक्काच्या नावापुढे महिन्याच्या सहा-सात खरेद्या दिसल्या की हर्षदाबाई खुर्चीत जरा ताठ बसायच्या.

मग कलमापक आला.

लिंकच्या धंद्यात पहिल्यापासून एक फट होती. कोडाला बोट कळायचं, मन कळायचं नाही. मिक्सर घ्यायचं आधीच ठरलेलं असायचं; माणूस नुसता मावसबहिणीला दोन पैसे मिळावेत म्हणून तिच्या लिंकवरून आत शिरायचा. मावसबहिणीनं कुणाचंही मन वळवलेलं नसताना कंपनीला कमिशन मोजावं लागायचं. कंपन्यांनी हे पुष्कळ वर्षं सोसलं, कारण मनातलं मोजायचं कसं हा प्रश्न होता.

तो सुटला. माणसाला एखादी गोष्ट हवीशी वाटते तेव्हा त्याच्या अंगात काही बारीक बदल होतात आणि ते त्याच्या हातात नसतात. डोळ्याची बाहुली किंचित रुंदावते. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीखाली रक्त सरकतं आणि रंग एवढासा पालटतो; शेजारी बसलेल्याला तो दिसत नाही, पण फोनच्या कॅमेऱ्याला दिसतो. मनगटावरचं घड्याळ घाम मोजतं. काचेवर अंगठा किती रेंगाळला ते काच सांगते. यातली एकेक खूण फसवी. गरम चहा प्यायला तरी ठोके वाढतात. पण चारही खुणा एकत्र घेतल्या आणि त्या त्याच माणसाच्या रोजच्या मोजमापाशी ताडून पाहिल्या, तर इच्छा जागी झाली तो नेमका क्षण सापडतो, बोट दाबण्याच्या सेकंद-दीड सेकंद आधीचा. त्याला शून्य ते शंभर असा आकडा द्यायचा. त्याचं नाव कल. पान उघडल्यापासून मापक चालू व्हायचा आणि कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लुकलुकायचा. लोकांची संमती ॲपच्या अटींत एकोणिसाव्या पानावर होती आणि सगळ्यांनी खाली खूण केलेली होती.

हर्षदाबाईंचे यजमान सदानंदराव साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. त्यांना हे एका वाक्यात समजलं. "इतके दिवस तुला उसाच्या वजनावर पैसे मिळत होते," ते म्हणाले, "आता उताऱ्यावर मिळणार." मोळी केवढी आणली हे कुणी विचारणार नाही, गाळून साखर किती उतरली ते बोल.

कल दहाच्या वर असला तरच कमिशन. त्याखालच्या खरेदीला कंपनीनं नाव दिलं, कोरी खरेदी. एखाद्याच्या लिंकवर कोऱ्या खरेद्या फार झाल्या की तो ओळखीपाळखीच्यांना धरून खोटा धंदा दाखवतो असं धरायचं.

पहिला अहवाल आला तेव्हा घरात करमणूकच झाली. ज्या फरशीपुसण्याला विहीणबाईंनी भर लग्नात नावं ठेवली होती, त्यावर त्यांचा कल अठ्ठ्याऐंशी. सदानंदरावांना बायकोनं निवडून दिलेल्या स्वेटरवर त्यांचा कल सहा, आणि शेंगा सोलायच्या यंत्रावर ब्याण्णव. ते म्हणाले, मापकात बिघाड असेल. हर्षदाबाई म्हणाल्या, स्वेटर ठेवा काढून, थंडीत शेंगा पांघरा. पण धाकट्या नणंदेच्या पुढ्यात त्यांनी तिचा आकडा हसत हसत बोलून दाखवला आणि नणंद जी उठून गेली ती चहालाही थांबली नाही. मनातलं ओळखलं तर माणूस लाजतो; मोजून दाखवलं तर त्याला राग येतो. हर्षदाबाईंनी याचीही नोंद घेतली आणि त्या पुढच्या पानावर गेल्या. पुढचं पान आक्काचं होतं.

तीन महिन्यांत एकोणीस खरेद्या. कल दोन. शून्य. तीन. शून्य. एक.

हर्षदाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एकोणीसच्या एकोणीस कोऱ्या होत्या.

आठवड्याभरात मांडवच्या भागीदार कक्षातून सानिका देशिंगे नावाच्या मुलीचा फोन आला. फार अदबीनं बोलली. कंपनी प्रत्येक जिल्ह्यात एक मुख्य निवडकार, म्हणजे वस्तू निवडून सुचवणारा, नेमणार होती, वर्षाच्या कराराचा, आणि सातारा जिल्ह्यातून खटावकर मॅडमचं नाव वर होतं. फक्त एका खात्यामुळे फाईल अडली होती. बाकीची खाती स्वच्छ आहेत, एवढं एक बंद केलंत की झालं, असं तिनं सांगितलं. हर्षदाबाईंनी विचारलं, असं का होतं? त्यावर तिनं सहज उत्तर दिलं. "होतं मॅडम घराघरांतून. वस्तू नको असते, पण दया येते ना माणसांना."

करार हातचा जाईल ही धास्ती होतीच. पण रुतला तो दया हा शब्द. म्हणजे आक्का आपला शब्द मानत नव्हती. ती अजून फीच भरत होती.

त्यांनी त्याच सकाळी गडहिंग्लजला फोन लावला. तब्येत, पाणी, शेजारच्या हत्तरकी वहिनींच्या नातवाचं बारसं, सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, "आक्का, तो बिडाचा तवा कसा आहे?"

"चांगला आहे की."

"भाकरी करपते का त्यावर?"

"वापरीन गं. तव्याला कसली घाई?"

"एकोणीस वस्तू घेतल्यास तीन महिन्यांत. त्यातली एकसुद्धा तुला नको होती. माझ्याकडे आकडे आलेत."

"आकड्यांना काय कळतंय," आक्का म्हणाली. "तुझं काम आहे, आपलं माणूस आहे, म्हणून घेते. माझी पेन्शन मला संपत नाही. तुझ्यावर काय उपकार केले काय मी?"

"तेच नको आहे मला. शिलाई करून फी भरलीस, ते झालं. आता अठ्ठावन्न वर्षांची आहे मी. मला तुझी कीव नको. तुझं खातं बंद करतेय मी आज."

मशीनवर बसलेली असताना दोरा तुटला की आक्का आधी सुईत ओवून घ्यायची, मगच पुढचं बोलायची; आताही तसंच झालं.

"म्हणजे ते पान उघडायचंच नाही?" तिनं विचारलं.

"उघडेल. खाली वस्तू दिसणार नाहीत, खरेदी होणार नाही, एवढंच."

"मग असू दे," आक्का म्हणाली. "मग माझी काही हरकत नाही."

ते 'हरकत नाही' हर्षदाबाईंच्या मनाला फार लागलं. गळ्यातलं लोढणं निघावं तशी ती सुटून बोलली, असं त्यांनी सदानंदरावांना सांगितलं. सदानंदराव शेंगा सोलत होते. ते म्हणाले, तिला असं म्हणायचं नसेल. पण नक्की काय म्हणायचं होतं ते त्यांनाही सांगता येईना. जूनच्या शेवटच्या दिवशी हर्षदाबाईंनी खातं बंद केलं.

करार मिळाला. कोल्हापूरच्या हॉटेलात समारंभ झाला, गळ्यात नारिंगी पट्टा घालून हर्षदाबाईंचा फोटो काढला, तो मांडवच्या पानावर महिनाभर होता. आक्काला तो फोटो पाठवावा की नाही यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि पाठवला नाही. लक्ष्मीपूजनाला फोन केला, संक्रांतीला केला. दोन्ही वेळा आक्का नेहमीसारखी बोलली. तवा-पट्ट्याचा विषय दोघींनीही काढला नाही. पुढच्या महिन्यात जाऊन येऊ, असं हर्षदाबाईंनी प्रत्येक महिन्यात ठरवलं.

जानेवारीच्या अखेरीस, तीस तारखेला, हत्तरकी वहिनींचा फोन आला. सकाळी दार वाजवलं तर आक्कानं उघडलं नाही. झोपेतच गेली होती.

बाराव्यानंतर आवरायला दोघंच होते, हर्षदाबाई आणि सदानंदराव. घर दोन खोल्यांचं, त्यात आवरायचं ते किती. तवा वेष्टनातच होता. भाजी चिरायची पेटी हत्तरकींकडे रोज वापरात होती. पायपुसणी देवळाच्या पायरीवर पडली होती. गुडघ्याच्या पट्ट्यानं आक्कानं मोरीतला गळका पाइप आवळून बांधला होता, आणि तो थेंबभरही गळत नव्हता. सदानंदराव वाकून म्हणाले, "याला मात्र पूर्ण गुण." हर्षदाबाईंना हसू आलं आणि मग ते आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

हत्तरकी वहिनी चहा घेऊन आल्या. पाठीला हात लावून बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुमचा तेवढा आधार होता बघा त्यांना. रोज साडेदहाला, पूजा झाली की टॅब घेऊन खिडकीत बसायच्या. भिंतीपलीकडनं मला ऐकू यायचं. तुमचा आवाज, मग त्यांचा. मी आमच्यात म्हणायची, बहिणी असाव्यात तर अशा. एक दिवस खाडा नाही. रोज बोलायचा की तुम्ही दोघी."

हर्षदाबाईंच्या हातात कप होता. सात महिन्यांत आपण दोनदा फोन केला, हे त्यांच्याइतकं कुणाला पक्कं ठाऊक असणार.

"हो," त्या म्हणाल्या.

वहिनींना काहीतरी वाटलं असेल, कुणा दुसऱ्याचा आवाज असेल, अशी समजूत घालून त्या कराडला परत आल्या.

मार्चअखेर म्हणजे हर्षदाबाईंचा जुना सण. दुपारची जेवणं उरकून त्या टेबलाशी हिशेब मिटवायला बसल्या. मांडवनंही आपला झाडू काढला होता: बंद खाती निकाली काढा, असा निरोप आला होता. बंद खातं एकच होतं. निकाली काढण्याआधी अहवाल पाहायचा का, असं ॲपनं विचारलं. अहवाल न बघता त्यांनी आयुष्यात काहीच निकाली काढलं नव्हतं.

खातं बंद झाल्यापासूनचे दिवस: दोनशे तेरा. शेवटची भेट एकोणतीस जानेवारीची, पुढे नोंद थांबलेली.

भेटी: दोनशे अकरा.

वेळ: साडेदहाच्या आसपास. थांबणं: अकरा सेकंद.

खरेदी: शून्य.

कल: चौऱ्याण्णव.

हर्षदाबाईंना वाटलं, रकाना चुकला. विहीणबाईंचा अठ्ठ्याऐंशी हा त्यांच्या त्रेसष्ट खात्यांतल्या बायकांत सर्वांत मोठा आकडा होता. त्यांनी तपशील उघडला. चालू खात्यावर मापक फक्त वस्तू समोर असतानाचा आकडा तिच्या नावे टाकायचा आणि वस्तूवाचूनचं मोजमाप गाळून टाकायचा. इथे वस्तूच नव्हत्या, म्हणून सगळं जसंच्या तसं उरलं होतं. कल वर चढल्याचा क्षण: पहिला सेकंद. पहिल्या सेकंदात पानावर काहीच दिसत नाही. फक्त हाक सुरू होते. वस्तूच्या रकान्यात लिहिलं होतं, यादीत नाही. आणि खाली निळ्या अक्षरांत ॲपचा सल्ला होता: या खात्यावर मागणी सातत्यानं जास्त आहे. योग्य वस्तू जोडा.

दोनशे तेरा दिवस आणि दोनशे अकरा भेटी. दोनचा फरक. सव्वीस वर्षांची सवय, दोनचा फरक सोडून त्या उठू शकल्या नसत्या. एकेक तारीख त्या बोटानं खाली सरकवत गेल्या. जुलै पूर्ण. ऑगस्ट पूर्ण. सप्टेंबर पूर्ण. पुढे एक तारीख गाळलेली सापडली, ती लक्ष्मीपूजनाची. दुसरी संक्रांतीची. त्या दोन दिवशी सकाळी हर्षदाबाईंनी फोन केला होता.

पलीकडच्या खोलीत शेंगांचं यंत्र घरघरत होतं. सदानंदरावांनी हाक मारून विचारलं, ताळा जमला का?

हर्षदाबाईंनी अहवाल मिटला. निकाली काढा, या बटणाला हात लावला नाही. आक्काच्या कोडाची लिंक शोधून काढली आणि स्वतःच्या फोनवर उघडली. कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला.

"आक्का, बसलीस का?"

कुकरची शिट्टी झाली. दोन सेकंद. त्या दिवशी हे दोन सेकंद त्यांना वाया गेल्यासारखे वाटले होते. त्यात नेमकं एक वाक्य बसत होतं, आणि सात महिने भिंतीपलीकडे हत्तरकी वहिनी ते ऐकत होत्या.

"बसले की गं," हर्षदाबाई म्हणाल्या.

"चष्मा लाव आधी," फोनमधून आवाज आला. मध्ये श्वास घेतल्याचं स्पष्ट ऐकू आलं. "बघ, आज काय आणलंय तुझ्यासाठी."

त्यांनी चष्मा लावला. खाली सगळं पान रिकामं होतं.